संदर्भसूचीत पुस्तक कसं लिहायचं : पुस्तक हातात असतानाच सुरुवात करा

पहिल्यांदा प्रबंध किंवा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिणाऱ्या बहुतेकांचं संदर्भसूचीचं काम शेवटच्या रात्रीवर येऊन पडतं. माझंही तसंच झालं होतं. नोट्समध्ये एका पुस्तकाचं फक्त लेखकाचं आडनाव आणि पान नंबर लिहिलेला, पुस्तक लायब्ररीत कधीच परत गेलेलं, आणि दोन दिवसांनी जी प्रत हातात आली ती वेगळ्याच आवृत्तीची, त्यामुळे एकही पान नंबर जुळेना. सगळी अवतरणं पुन्हा शोधत बसावं लागलं. तेव्हापासून मी वाचायला पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीच्या आधी त्याची माहिती उतरवून घेते. तुम्हीही हे करा एवढंच सांगण्यासाठी खरं तर हा लेख आहे, बाकी स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे हे सवयीने येतं.

सगळ्यात आधी : माहिती कुठून घ्यायची

कव्हरवरून घेऊ नका. कव्हर विक्रीसाठी डिझाइन केलेलं असतं, त्यावर उपशीर्षक गाळलेलं असू शकतं, लेखकाचं नाव छोटं करून छापलेलं असू शकतं. आत जे टायटल पेज असतं, म्हणजे ज्या पानावर पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशक असतो, तिथलं नाव खरं धरायचं. आणि ते पान उलटलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरांचं पान असतं, कॉपीराइट पेज, जे कोणी वाचत नाही, पण तुमच्या कामाची निम्मी माहिती तिथेच असते.

त्या बारीक पानावर बऱ्याचदा चार-पाच वर्षं दिसतात आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. कॉपीराइटचं एक वर्ष, पहिल्या आवृत्तीचं एक, दुसऱ्या आवृत्तीचं एक, मग पुनर्मुद्रणांची रांग. यातलं पुनर्मुद्रण सोडून द्यायचं. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला, आत काही बदललं नाही, त्यामुळे त्याचं वर्ष संदर्भात येत नाही. आवृत्ती म्हणजे मजकूर बदलला, भर पडली, पानं हलली. तुमच्या हातात जी आवृत्ती आहे तिचं वर्ष घ्यायचं. काही पुस्तकांत तळाला दहा, नऊ, आठ, सात असे उलटे आकडे छापलेले असतात, त्यातला सगळ्यात लहान आकडा ही कितवी छपाई आहे ते सांगतो, आवृत्तीशी त्याचा काही संबंध नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते एका पुस्तकावरून बघा. विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांचं 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्युशन्स' १९६२ मध्ये आलं. १९७० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी शेवटी एक पोस्टस्क्रिप्ट जोडलं, जे १९६९ मध्ये लिहिलं होतं, आणि 'पॅरडाइम' या शब्दावरून झालेल्या टीकेला त्यात उत्तर दिलं. पुढे १९९६ मध्ये तिसरी आणि २०१२ मध्ये चौथी आवृत्ती आली. आता कोणी त्या पोस्टस्क्रिप्टमधलं वाक्य घेतलं आणि सूचीत फक्त १९६२ असं लिहिलं, तर वाचणारा १९६२ ची प्रत काढून शोधत बसेल आणि त्याला ते वाक्य सापडणारच नाही, कारण त्या प्रतीत तो भागच नाही. म्हणून आवृत्ती लिहायची. परीक्षक मार्क कापतील म्हणून नाही, तर मागून येणाऱ्या माणसाला तेच पान उघडता यावं म्हणून.

तर पुस्तक हातात असताना एवढं उतरवा : लेखकांची पूर्ण नावं, छापलेल्या क्रमानेच. पुस्तकाचं पूर्ण नाव आणि उपशीर्षक. आवृत्ती (पहिली असेल तर लिहायची गरज नाही). संपादक किंवा अनुवादक असेल तर त्यांची नावं. प्रकाशक, प्रकाशनाचं शहर, वर्ष. खंड असतील तर कितवा खंड. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक. आयएसबीएन नेहमीच्या स्टाइलमध्ये (म्हणजे संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतींमध्ये) सूचीत छापत नाहीत, पण नंतर तीच आवृत्ती पुन्हा शोधायला त्याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर तो दहा आकडी दिसेल, नंतरच्यांवर तेरा आकडी, दोन्ही चालतात. एवढं लिहायचा कंटाळा असेल तर त्या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढा, मी अजूनही काढते.

मग स्टाइल कोणती ते विचारा

अंदाज लावू नका, गाईडला किंवा विभागात विचारा, जर्नलला पाठवत असाल तर त्यांच्या सूचना वाचा. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्राच्या बाजूला एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) खूप चालते, साहित्य-भाषेकडे एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची), इतिहासात शिकागो (शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइलची). हार्वर्ड असं कोणी सांगितलं तर लगेच पुढचा प्रश्न विचारा की नेमकी कुठल्या नियमपुस्तिकेप्रमाणे, कारण हार्वर्ड नावाचा एकच अधिकृत नियमग्रंथ नाही, प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं थोडं वेगळं रूप असतं. मजकुरातच कंसात लेखक आणि वर्ष लिहायची ही पद्धत हार्वर्डमधले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांच्या १८८१ च्या एका पेपरपासून सुरू झाली असं मानतात, तो पेपर बागेतल्या बिनशंखाच्या गोगलगायीवर होता. नाव तिथून आलं, नियम मात्र एका जागी कधी जमलेच नाहीत.

स्टाइलची आवृत्तीपण विचारा. एपीएची सध्या सातवी चालू आहे, एमएलएची २०२१ मध्ये आलेली नववी, शिकागोची २०२४ मध्ये आलेली अठरावी. सीनियरने दिलेली जुनी फाइल बघून केलं की इथेच फसायला होतं. उदाहरण म्हणजे शहराचं नाव. आधी सगळीकडे प्रकाशकाच्या आधी शहर लिहायचे. एपीएने सातव्या आवृत्तीत ते काढून टाकलं, शिकागोने अठराव्यात १९०० नंतरच्या पुस्तकांसाठी काढलं, एमएलएतही आता ते सहसा फक्त १९०० च्या आधीच्या पुस्तकांना लागतं. तरी वर मी शहर उतरवून घ्या म्हटलं, कारण बऱ्याच ठिकाणच्या हार्वर्ड रूपात ते अजून मागतात.

आता एक नोंद सुटी करून बघू

एपीएमध्ये तेच कून यांचं पुस्तक असं येतं :

कून, टी. एस. (१९७०). द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्युशन्स (२ री आवृ.). युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो प्रेस.

एकेक तुकडा बघा. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नावाची फक्त आद्याक्षरं, प्रत्येकापुढे टिंब आणि दोन आद्याक्षरांमध्ये जागा. मग कंसात वर्ष, कंसाबाहेर टिंब. मग पुस्तकाचं नाव, ते इटॅलिक करायचं, म्हणजे तिरपं. आवृत्ती त्याच्या मागे कंसात, पण ती तिरपी नाही, सरळ, आणि नाव आणि कंस यांच्यामध्ये टिंब येत नाही, टिंब कंसानंतर. शेवटी प्रकाशक आणि टिंब. म्हणजे कोण, कधी, काय, कुठून, असे चार प्रश्न आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक टिंब. हे चार प्रश्न डोक्यात बसले की एपीएमधली कुठलीही नोंद बांधता येते, वेबसाइट असो की अहवाल.

इंग्रजी नावांत कॅपिटल अक्षरांचा मुद्दा फार जण चुकवतात. एपीएच्या सूचीत पुस्तकाच्या नावातल्या फक्त पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, उपशीर्षक असेल तर कोलननंतरच्या पहिल्या शब्दाचं, आणि विशेषनामांचं. बाकी सगळं स्मॉल. म्हणजे कून यांच्या पुस्तकात 'द' कॅपिटल आणि 'स्ट्रक्चर' स्मॉल, मग कव्हरवर काहीही छापलेलं असू दे. एमएलए आणि शिकागोमध्ये उलट, महत्त्वाचे सगळे शब्द कॅपिटल. देवनागरीत कॅपिटलच नाही त्यामुळे मराठी पुस्तकाची नोंद देवनागरीत करताना हा प्रश्न येत नाही.

तेच पुस्तक एमएलएमध्ये :

कून, थॉमस एस. द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रेव्होल्युशन्स. २ री आवृ., यू ऑफ शिकागो पी, १९७०.

पूर्ण नाव आलं, वर्ष शेवटी गेलं, कंस गेले, आणि युनिव्हर्सिटी प्रेसचं यू आणि पी असं छोटं रूप झालं. पुस्तकाचं नाव इथेही तिरपं.

शिकागोत दोन वाटा आहेत, एक लेखक-वर्षाची आणि एक तळटीपांची. तळटीपांची घेतली तर तळटीप आणि सूची वेगवेगळी दिसतात हे लक्षात ठेवा : तळटीपेत नाव सरळ, थॉमस एस. कून, मध्ये स्वल्पविराम, प्रकाशक आणि वर्ष कंसात आणि शेवटी पान नंबर. सूचीत मात्र आडनाव आधी, टिंबं, आणि पान नंबर नाही. नवीन मंडळी तळटीप कॉपी करून सूचीत पेस्ट करतात, परीक्षकाला ते पहिल्या नजरेत दिसतं.

एकाहून जास्त लेखक

क्रम बदलायचा नाही. टायटल पेजवर ज्याचं नाव आधी ते आधी, वर्णानुक्रमे लावायचं नाही. एपीएत सगळ्यांची आडनावं आधी :

बर्गर, पी. एल., & लकमन, टी. (१९६६). द सोशल कन्स्ट्रक्शन ऑफ रिअ‍ॅलिटी: अ ट्रीटिज इन द सोशिऑलॉजी ऑफ नॉलेज. डबलडे.

एमएलएत आणि शिकागोत फक्त पहिल्या लेखकाचं आडनाव आधी, दुसऱ्याचं नाव सरळ. कारण सोपं आहे, सूची लावायची असते पहिल्या आडनावावर, दुसऱ्याला उलटं करून काही मिळत नाही. तीन किंवा जास्त लेखक असतील तर एमएलएत पहिला लेखक आणि 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर'). एपीएत मजकुरातल्या कंसात तीनपासून पुढे 'एट अल.', पण सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं लिहायची. मजकुरातला नियम सूचीला लावून लेखक गाळणं ही फार कॉमन चूक आहे आणि ज्याचं नाव गाळलं त्याच्यावर तो अन्याय असतो असं मला मनापासून वाटतं.

नावाचा कुठला भाग आडनाव हे पण तपासा. गॅब्रिएल गार्सिया मार्केस हे 'गार्सिया मार्केस' म्हणून ग खाली येतात, म खाली नाही, कारण स्पॅनिशमध्ये दोन आडनावं असतात. चिनी नावांत आडनाव बहुधा आधीच लिहिलेलं असतं, ते परत उलटवलं की चुकलं. शंका आली तर त्याच लेखकाला लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये कुठल्या नावाखाली ठेवलंय ते बघा, वर्ल्डकॅट या जगभरातल्या लायब्ररींच्या एकत्रित ऑनलाइन कॅटलॉगवर एका मिनिटात कळतं.

संपादित पुस्तकातलं प्रकरण : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

एखाद्या पुस्तकात दहा जणांचे दहा लेख असतात आणि कव्हरवर दोन संपादकांची नावं असतात. तुम्ही वाचला एक लेख. तर श्रेय त्या लेखाच्या लेखकाला जायला हवं, संपादकांना नाही. नोंद अशी :

हॉब्सबॉम, ई. (१९८३). इंट्रोडक्शन: इन्व्हेंटिंग ट्रॅडिशन्स. इन ई. हॉब्सबॉम & टी. रेंजर (संपा.), द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन (पा. १–१४). केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस.

तीन गोष्टी बघा. प्रकरणाचं नाव सरळ, पुस्तकाचं नाव तिरपं, कारण तिरपं करायचं ते शेल्फवर सापडणाऱ्या वस्तूचं नाव. संपादकांची नावं उलटवलेली नाहीत, आद्याक्षर आधी आणि आडनाव नंतर. आणि पानं दिली आहेत ती पूर्ण प्रकरणाची, तुम्ही ज्या पानावरचं वाक्य घेतलं त्या एका पानाची नाही, ते पान मजकुरातल्या कंसात जातं. इथे लेखक आणि संपादक एकच माणूस आहे तरी नाव दोनदा येतं, ते बरोबर आहे. आणि सगळं पुस्तक एकाच लेखकाचं असेल तर एपीएत प्रकरणाची वेगळी नोंद करायची नाही, पूर्ण पुस्तकाची करा आणि मजकुरात प्रकरण किंवा पान सांगा.

अनुवाद

तुम्ही अनुवाद वाचला असेल तर अनुवादाचीच नोंद करा, मूळ फ्रेंच पुस्तकाची नाही, मूळ वाचलंच नाही तर ते सूचीत कसं येईल. पण लेखक मूळ लेखकच राहतो :

फूको, एम. (१९७७). डिसिप्लिन अँड पनिश: द बर्थ ऑफ द प्रिझन (ए. शेरिडन, अनु.). पँथिऑन बुक्स. (मूळ प्रकाशन १९७५)

शेवटच्या कंसानंतर टिंब नाही. मजकुरात दोन्ही वर्षं येतात : (फूको, १९७५/१९७७). जुन्या पुस्तकांच्या नव्याने प्रकाशित झालेल्या आवृत्त्यांनाही हेच लागू, नाहीतर एकोणिसाव्या शतकातला माणूस २००३ मध्ये लिहीत होता असं वाचणाऱ्याला वाटेल.

इंग्रजी पेपरमध्ये मराठी पुस्तकाचा संदर्भ द्यायचा असेल तर एपीएप्रमाणे नाव रोमन लिपीत लिहून त्याच्यामागे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, अर्थ तिरपा नाही. रोमन स्पेलिंग एकदा ठरवलं की सगळीकडे तेच ठेवा, एकाच लेखकाचं नाव दोन स्पेलिंगने आलं तर सूचीत ती दोन माणसं होतात.

छोट्या अडचणी, पटापट

लेखक म्हणून संस्था असेल तर संस्थेचं पूर्ण नाव लेखकाच्या जागी, आणि एपीएत तीच संस्था प्रकाशक असेल तर प्रकाशक परत लिहायचा नाही. एपीएची स्वतःची मॅन्युअल अशीच लिहितात. तिच्यावर वर्ष २०२० आहे, प्रत्यक्षात ती ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आली होती, तरी छापलेलं २०२० च घ्यायचं.

लेखकच नसेल तर पुस्तकाचं नाव पुढे आणा, 'अनामिक' वगैरे लिहू नका, टायटल पेजवर खरंच तसं छापलेलं असेल तरच लिहा. वर्ष नसेल तर एपीएत 'एन. डी.', मराठी सूचीत 'प्रकाशन वर्ष नाही' असं. एकाच लेखकाची एकाच वर्षाची दोन पुस्तकं असतील तर वर्षापुढे ए, बी (मराठीत अ, ब) लावा, आणि मजकुरातही तेच अक्षर लावायला विसरू नका.

ई-बुकला डीओआय (कायमचा डिजिटल ओळख क्रमांक) असेल तर नोंदीच्या शेवटी पूर्ण लिंकच्या रूपात द्या आणि त्यापुढे टिंब देऊ नका, लिंक तुटते. किंडलवर वाचलं की दुसऱ्या कशावर हे एपीए सातमध्ये लिहावं लागत नाही. किंडलचे लोकेशन नंबर मात्र पान नंबर म्हणून देऊ नका, ते फक्त किंडलवरच चालतात, छापील प्रत वाचणाऱ्याला त्यावरून काहीच सापडत नाही. त्याऐवजी प्रकरणाचं नाव आणि परिच्छेद मोजून द्या.

सॉफ्टवेअर वापरा, पण त्याच्या हवाली होऊ नका

दहापेक्षा जास्त संदर्भ असतील तर झोटेरो हे संदर्भ साठवून सूची बनवून देणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. जादूच्या कांडीच्या बटणावर आयएसबीएन टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप येते (म्हणून तो उतरवून घ्या म्हटलं). आल्यावर लगेच समोरच्या पुस्तकाशी ताडून बघा : आवृत्तीचा रकाना बऱ्याचदा रिकामा असतो, संपादक लेखकाच्या रकान्यात बसलेला असतो, नाव सगळं कॅपिटलमध्ये असतं. नावं साठवताना एपीएसारखी, म्हणजे बहुतेक स्मॉल अक्षरांत ठेवा, कारण झोटेरो त्यावरून एमएलएसाठी कॅपिटल करून देऊ शकतो पण उलटं त्याला नीट जमत नाही, विशेषनाम कुठलं ते त्याला कळत नाही.

गूगल स्कॉलरवर 'साइट' (Cite, म्हणजे संदर्भ द्या) बटण दाबून मिळालेली नोंद कच्चा माल समजा. आणि एआय चॅटबॉटला संदर्भसूची बनवायला सांगू नका, तो खऱ्या लेखकाच्या नावावर कधी न लिहिलेलं पुस्तक अगदी बरोबर फॉरमॅटमध्ये देऊ शकतो. फॉरमॅट बरोबर असल्यामुळे ते संशयास्पदही वाटत नाही. जे पुस्तक तुम्ही उघडलं नाही ते सूचीत घालू नका. दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत केलेलं वाक्य घेतलं असेल तर मजकुरात 'यांच्या पुस्तकात उद्धृत' असं सांगा आणि सूचीत तुम्ही वाचलेलं पुस्तक द्या.

शेवटची मांडणी

सूची नव्या पानावर, आडनावाच्या वर्णानुक्रमे. नंबर घालू नका, बुलेट घालू नका (आयट्रिपलई किंवा व्हँकूव्हरसारख्या नंबरच्या स्टाइल वेगळ्या). त्याच लेखकाची अनेक पुस्तकं असतील तर एपीएत जुनं आधी, आणि त्याने एकट्याने लिहिलेली सहलेखकांबरोबरच्या पुस्तकांच्या आधी. लेखक नसल्यामुळे पुस्तकाच्या नावाने सुरू होणाऱ्या इंग्रजी नोंदीत सुरुवातीचं 'द' किंवा 'अ' सोडून पुढच्या शब्दावर क्रम लावा.

प्रत्येक नोंदीची पहिली ओळ डावीकडे चिकटून आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत, याला हँगिंग इंडेंट म्हणतात. कृपया हे स्पेस बार दाबून दाबून करू नका, एक शब्द बदलला की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये सगळी सूची सिलेक्ट करून कंट्रोल आणि टी दाबा, झालं. गूगल डॉक्समध्ये इंडेंटेशन ऑप्शन्समध्ये हँगिंग निवडा.

आणि सबमिट करायच्या आधी एक तास राखून ठेवा. सूचीची प्रिंट काढा, एकेक आडनाव घ्या, कंट्रोल एफने मजकुरात शोधा. सापडलं तर वर्ष आणि स्पेलिंग तेच आहे का बघून टिक करा. सापडलं नाही तर नोंद काढा. मग उलट करा, मजकुरात उघडणारा कंस शोधत पहिल्या पानापासून खाली या आणि प्रत्येक कंसातलं नाव प्रिंटवर आहे का बघा. पहिल्या फेरीत ज्यांच्यापुढे टिक झाली नाही आणि दुसऱ्या फेरीत जी नावं प्रिंटवर सापडली नाहीत, त्यांची दोन-चार जणांची यादी उरते, ती घेऊन लायब्ररी बंद व्हायच्या आत जाऊन या.